आधी आवाज, मग हादरा

पाटण, कराड, चिपळूण या पट्ट्यात वर्तमानपत्र वाचणाऱ्याला ही बातमी तोंडपाठ असते. कोयना परिसरात भूकंपाचा सौम्य धक्का, तीव्रता २.९ रिश्टर स्केल. केंद्रबिंदू कोयनानगरपासून अमुक किलोमीटरवर, जमिनीखाली तमुक किलोमीटर खोल. पडझड नाही, धरण सुरक्षित. आतल्या पानावरच्या चार ओळी. १९६०च्या दशकापासून हे असंच चाललं आहे. चारहून मोठे भूकंप या खोऱ्यात दोनशेच्या आसपास झाले, पाचहून मोठे वीसेक झाले आणि एका भूकंपाने ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे, सव्वाचारच्या पुढे काही मिनिटांनी, कोयनानगर आडवं केलं. त्यात पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली.

त्या चार ओळींमधला प्रत्येक आकडा कुठून येतो, हे पाहण्याजोगं आहे. जमिनीखाली आठ-दहा किलोमीटरवर काय घडलं हे पाहायला तिथे कुणी गेलेलं नसतं, जाऊही शकत नाही. तरी जागा, खोली, वेळ आणि मोजमाप काही मिनिटांत हाती येतं. हे सगळं कळतं ते जमिनीतून पसरलेल्या लहरींमुळे.

त्या भागातली माणसं भूकंप आकड्यांत सांगत नाहीत. आधी आवाज येतो, मग हलतं, असं ती सांगतात. गुरगुर, गडगडाट, लांबवर सुरुंग उडाल्यासारखा दणका, असं त्या आवाजाचं वर्णन ऐकायला मिळतं. पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरीच्या बाजूला नोव्हेंबर २०१८पासून लहान धक्क्यांची माळ लागली, तेव्हा दुंदलवाडीच्या परिसरातले लोकही आवाजाबद्दलच बोलत होते. शहरी माणसाला हे भीतीपोटी केलेलं वर्णन वाटतं. प्रत्यक्षात ते अगदी काटेकोर निरीक्षण आहे आणि भूकंपशास्त्राचा निम्मा पाया त्यात आहे. त्याकडे येण्याआधी जमिनीखाली काय होतं ते पाहू.

खडकात जुन्या भेगा असतात. त्यातल्या ज्या भेगेच्या दोन्ही बाजू एकमेकींवरून सरकलेल्या असतात तिला भ्रंश म्हणतात. भारताचं भूकवच ईशान्येकडे झुकत उत्तरेला, वर्षाला चार-पाच सेंटिमीटर या गतीने सरकतं आहे आणि हिमालयाच्या रांगेत आशियाला भिडलं आहे. त्या दाबाचा मोठा वाटा हिमालयाच्या पायथ्याशी खर्ची पडतो, पण सगळा नाही. दख्खनच्या पोटातला खडकही सतत दाबाखाली असतो आणि त्यातले जुने भ्रंश हा दाब झेलत असतात. भ्रंशाच्या दोन बाजूंना सरकायचं असतं, पण घर्षण त्यांना सरकू देत नाही. भरलेलं जड कपाट फरशीवरून ढकलताना काय होतं, तसंच इथे होतं. जोर लावत राहिलं तरी कपाट जागचं हलत नाही, आणखी जोर लावला तरी नाही, आणि मग एकाएकी झटक्यात चार बोटं सरकतं. फरक इतकाच, की खडक या काळात नुसता अडून राहत नाही, तो किंचित वाकतो. दोन्ही बाजूंचा कित्येक किलोमीटरचा प्रदेश वाकून ताण साठवत राहतो.

हे नुसतं तर्काने मांडलेलं नाही. १९०६मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचा भूकंप झाला, तेव्हा त्या भागाची आधीची भूमापनं हाताशी होती. नंतर पुन्हा मोजणी झाली. भ्रंशावरून सरळ गेलेली कुंपणं आता तुटून काही मीटर बाजूला गेली होती. भ्रंशापासून दूर मात्र जमीन भूकंपाच्या बऱ्याच आधीपासून हळूहळू सरकत आली होती. हॅरी रीड या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९१०मध्ये या मोजण्यांवरून सांगितलं, की भूकंप म्हणजे वाकलेला खडक सुटून पुन्हा सरळ होणं. ताण साठायला शतकं लागतात, सुटायला सेकंद.

सुटतानाही तो सगळीकडे एकदम सुटत नाही. भ्रंशाच्या पृष्ठावर एका जागी घर्षण हरतं; त्या जागेला भूकंपनाभी म्हणतात. तिच्या बरोबर वर, जमिनीवर जो बिंदू येतो तो बातमीतला केंद्रबिंदू. नाभीपासून फाटण्याची क्रिया भ्रंशावर पसरत जाते, सेकंदाला अडीच-तीन किलोमीटर वेगाने. सहाच्या थोड्या वरच्या भूकंपात साधारण वीस किलोमीटर लांबीचा पट्टा असा सुटतो आणि त्याला दहा सेकंदांपेक्षा कमी वेळ लागतो. म्हणजे नकाशावर ठिपका दाखवला, तरी भूकंप एका ठिपक्यात होत नाही. केंद्रबिंदूपासून दहा किलोमीटरवर राहणाऱ्याच्या पायाखालीही भ्रंश सुटलेला असू शकतो.

सुटलेला खडक शेजारच्या खडकाला हिसका देतो, तो त्याच्या शेजारच्याला. हा हिसका दोन तऱ्हांनी पुढे जातो. पहिल्या तऱ्हेत खडक दाबला जातो आणि ताणला जातो, आणि ही दाबा-ताणाची हालचाल लहर ज्या दिशेने निघाली त्याच दिशेने पुढे-मागे होते. हवेतला ध्वनी असाच जातो. या प्राथमिक लहरी. शास्त्रज्ञ त्यांना पी लहरी म्हणतात. भूकवचाच्या कठीण खडकात त्या सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर जातात. दुसऱ्या तऱ्हेत खडक लहरीच्या वाटेला आडवा हलतो, डावी-उजवीकडे किंवा वर-खाली. या दुय्यम, म्हणजे एस लहरी, आणि त्यांचा वेग सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या आसपास. आकुंचनाला खडक जितका विरोध करतो तितका आडव्या मुरडण्याला करत नाही, म्हणून एस लहर मागे पडते. द्रवाला तर आडवं मुरडण्याला विरोधच नसतो. त्यामुळे पी लहर द्रवातून जाते आणि एस लहर जात नाही. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे तिचा उपयोग आहे.

आता त्या आवाजाचा उलगडा होतो. पी लहर ही मुळात ध्वनीच्याच जातीची. ती खालून येऊन जमिनीच्या पृष्ठाला धडकते, जमीन अगदी बारीक थरथरते आणि ती थरथर हवेत उतरते. नाभी उथळ आणि जवळ असेल, तर लहरीतली जलद कंपनं वाटेत विरून जात नाहीत. ती कानाला ऐकू येण्याइतकी असतात. म्हणून गुरगुर येते. तिच्या मागोमाग, दोन-तीन सेकंदांनी, एस लहर पोचते आणि घर हलतं. कोयनेकाठच्या आणि डहाणूच्या माणसांनी एका शब्दाचंही शास्त्र न वापरता पी आणि एस लहरी वेगवेगळ्या ओळखल्या आहेत.

भिंती पाडते ती बहुधा दुसरी लहर. भ्रंश सरकतो तेव्हा बाहेर पडणाऱ्या ऊर्जेतला फार मोठा वाटा एस लहरींकडे जातो. त्यांचा हेलकावा पी लहरींच्या कितीतरी पट असतो. शिवाय खोलातून येणारी पी लहर घराला मुख्यतः वर-खाली हलवते आणि वरून-खाली भार घेण्यासाठीच तर घर बांधलेलं असतं. एस लहर आडवे हिसके देते. आडव्या हिसक्यांचा विचार गवंड्याने केलेला असेलच असं नाही.

या दोन्हींच्या मागून तिसरी टोळी येते, भूपृष्ठ लहरींची. या खडकाच्या पोटातून जात नाहीत, पृष्ठालगत पसरतात. गंमत अशी, की या लहरी यंत्रांवर ओळखता येण्याआधीच कागदावर सापडल्या होत्या. ब्रिटिश शास्त्रज्ञ रॅले याने १८८५मध्ये गणिताने दाखवलं, की घन पदार्थाच्या पृष्ठावर लंबवर्तुळाकार हेलकावा देणारी लहर असू शकते. १९११मध्ये लव्ह या गणितज्ञाने आडव्या हालणाऱ्या दुसऱ्या प्रकारची भर घातली. दोन्ही लहरी आज त्यांच्याच नावाने ओळखल्या जातात. त्या सगळ्यांत सावकाश चालतात, पण लांबवर पोचूनही फारशा थकत नाहीत.

तीन टोळ्या वेगवेगळ्या वेळी पोचतात, हे आज शाळेच्या पुस्तकात असतं. आलेखावर त्या ज्याने प्रथम वेगळ्या ओळखल्या, त्या माणसाची नोकरी भारतात होती. रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात काम करत होता. १२ जून १८९७ रोजी शिलाँगच्या पठाराला प्रचंड भूकंपाने हादरवलं. ओल्डहॅमने त्याचा सविस्तर अभ्यास केला. त्या भूकंपाची नोंद दूर युरोपातल्या यंत्रांवरही झाली होती आणि त्या रेघोट्यांत त्याला एकामागून एक आलेले तीन वेगळे गट दिसले. पुढे १९०६मध्ये त्याने अशाच लहरींच्या पोचण्याच्या वेळांवरून पृथ्वीला वेगळ्या पदार्थाचा गाभा आहे हे दाखवलं. नंतर कळलं, की पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला एस लहरी सरळ पोचतच नाहीत, म्हणजे बाहेरचा गाभा द्रवरूप असला पाहिजे. १९३६मध्ये इंगे लेहमान या डॅनिश विदुषीने त्या द्रवाच्या आत आणखी एक निराळा गाभा असल्याचं ओळखलं. पृथ्वीच्या पोटाबद्दल आपल्याला जे माहीत आहे, त्यातलं बहुतेक सगळं भूकंपांनी सांगितलेलं आहे.

बातमीकडे परत येऊ. केंद्रबिंदू कसा शोधतात? पी आणि एस यांच्या पोचण्यातलं अंतर मोजून. दोघी एकाच क्षणी निघतात. जितकं लांब जावं तितकी एस मागे पडत जाते. वर दिलेले वेग घेतले, तर दोघींच्या येण्यात जितके सेकंद जातात त्यांना साधारण साडेआठने गुणलं की किलोमीटर मिळतात. समजा कोयनेला भूकंप झाला आणि पुणे, मुंबई, पणजी या तीन ठिकाणी यंत्रं आहेत. पुण्यात पी लहरीनंतर पंधरा सेकंदांनी एस आली, मुंबईत तेवीस सेकंदांनी, पणजीत पंचवीस सेकंदांनी. म्हणजे भूकंप पुण्यापासून साधारण सव्वाशे, मुंबईपासून एकशे पंचाण्णव आणि पणजीपासून दोनशे दहा किलोमीटरवर झाला. एकट्या पुण्याला दिशा कळत नाही. सव्वाशे किलोमीटरच्या वर्तुळावर तो कुठेही असू शकतो, मग ते कोयना असो की नगर जिल्हा. तिन्ही गावांभोवती आपापली वर्तुळं काढली, की ती सह्याद्रीत एका ठिकाणी एकमेकांना भेटतात. आज हे गणित संगणक करतो आणि तीनऐवजी डझनावारी यंत्रांच्या नोंदी घेतो, पण तत्त्व हेच.

वर्तुळं अगदी एका बिंदूत भेटत नाहीत, कारण लहरी जमिनीवरून नाही तर खोलातून तिरप्या येतात. त्या न भेटण्यातूनच खोलीचा अंदाज निघतो. मात्र त्यासाठी एखादं यंत्र केंद्रबिंदूच्या अगदी जवळ लागतं. शंभर किलोमीटरवरून पाच आणि पंधरा किलोमीटर खोलीतला फरक जेमतेम दिसतो. त्यामुळे भूकंपानंतर लगेच जाहीर होणारा खोलीचा आकडा थोडा सैल हातानेच घ्यावा. कोयनेला ही अडचण फारशी नाही, कारण धरणाचा तलाव भरू लागल्यावर धक्के जाणवायला लागले आणि १९६०च्या दशकातच तलावाभोवती भूकंपमापकं बसली. तिथले भूकंप दहा किलोमीटरच्या आतच होतात, हे त्यामुळे पक्कं ठाऊक आहे.

मग येतो तो आकडा, २.९ किंवा ६.३. चार्ल्स रिश्टर याने १९३५मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियातल्या भूकंपांसाठी ही पट्टी तयार केली. एका ठरावीक बनावटीच्या यंत्राने शंभर किलोमीटरवर एक मिलिमीटरचा हेलकावा नोंदवला, तर त्या भूकंपाला ३ म्हणायचं. हेलकावा दसपट झाला की आकडा एकने वाढतो. पण हेलकावा दसपट होतो तेव्हा ऊर्जा जवळजवळ बत्तीसपट होते, आणि वाचकाची फसगत होते ती इथे. मोठ्या भूकंपांना ही पट्टी अपुरी पडते, म्हणून आता भ्रंशाचं किती क्षेत्रफळ सरकलं, किती सरकलं आणि खडक किती ताठ होता, यांच्या गुणाकारावरून आकडा काढतात. वर्तमानपत्रं तरीही रिश्टरचंच नाव छापतात, त्याला इलाज नाही. १९६७च्या भूकंपाला कुठे ६.३, कुठे ६.५ तर कुठे ६.६ लिहिलेलं दिसतं, ते या निरनिराळ्या पट्ट्यांमुळे.

या हिशेबाने एक लाडका समजही निकालात निघतो. लहान धक्के होत राहिले की ताण निघून जातो आणि मोठा भूकंप टळतो, असं कोयनेपासून पुण्यापर्यंत बरेच जण मानतात. २.९ आणि ६.३ यांच्यात ऊर्जेचा फरक सव्वा लाख पटींचा आहे. १९६७च्या एका भूकंपाइतकी ऊर्जा २.९च्या धक्क्यांनी मोकळी करायची, तर तसे सव्वा लाख धक्के लागतील. रोज एक झाला तरी साडेतीनशे वर्षांची निश्चिंती. लहान धक्क्यांनी खडकाचा निचरा होत नाही. त्यांतून एवढंच कळतं, की तिथला भ्रंश काठावर आहे. पण तो मोठा भूकंप देईल की नाही, आणि कधी, हे त्यांवरून सांगता येत नाही. लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीच्या परिसरात १९९२मध्ये धक्के जाणवले आणि पुढच्या वर्षी विनाश झाला. डहाणूकडे शेकडो धक्के बसले आणि तसं काही झालेलं नाही.

कोयनेचा भ्रंश काठावर कशामुळे गेला? कोयना धरणाचा शिवाजीसागर तलाव १९६२मध्ये भरू लागला. आज त्यात पूर्ण भरल्यावर १०५ टीएमसी पाणी मावतं, म्हणजे सुमारे तीनशे कोटी टन. या वजनाने खडक मोडला, असं सरसकट म्हटलं जातं आणि ते पटण्यासारखंही वाटतं. पण शंभर मीटर पाण्याचा दाब हा काही किलोमीटर खोलीवरच्या दाबांपुढे नगण्य आहे. खरं काम करतं ते पाण्याचं झिरपणं. भेगांमधून खाली उतरलेल्या किंवा वरून दाबल्या गेलेल्या पाण्याचा दाब भ्रंशाच्या दोन बाजूंना किंचित फाकवतो, त्यांना एकमेकींवर रेटणारा जोर कमी होतो आणि घर्षण ढिलं पडतं. मघाचं कपाट कुणी एका अंगाने जरासं उचलून धरावं, तसं. ढकलणारा जोर आधीचाच असतो, भूकवचाच्या हालचालीने साठवलेला. तलाव भूकंप घडवत नाही, तयार असलेला भूकंप अलीकडे ओढतो. पावसाळ्यात तलाव भरल्यावर आणि पुढे तो उतरताना धक्क्यांची संख्या वाढते, हे या कारणमीमांसेशी जुळतं. दक्षिणेला वारणेचं धरण १९८५च्या सुमारास भरायला लागलं आणि १९९०च्या दशकात धक्क्यांचा पट्टा त्या बाजूला सरकला, हेही.

भूकंपशास्त्रज्ञ हर्ष गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयाचा दशकानुदशकं पाठपुरावा केला. तलावामुळे चाळवलेल्या भूकंपांत जगात आजवर कोयनेचा सर्वांत मोठा मानला जातो, आणि इथला भूकंपी टापूही आटोपशीर आहे, साधारण वीस बाय तीस किलोमीटरचा. त्यामुळे केंद्र सरकारने कराडला खास प्रयोगशाळा काढून कोयना खोऱ्यात खोल विवरं खणायला घेतली. गोठण्याजवळचं पथदर्शी विवर तीन किलोमीटर खोल गेलं. वरचा काळा कातळ, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, सव्वा किलोमीटरवर संपला आणि त्याखाली थेट जुना ग्रॅनाइटच्या जातीचा खडक लागला. भूकंप होतात ते या जुन्या खडकात. सह्याद्रीचा जो कडा आपल्याला दिसतो तो या प्रकरणात नुसतं वरचं पांघरूण आहे.

१९६७चा भूकंप जगभरच्या अभियंत्यांना ठाऊक आहे तो आणखी एका कारणाने. धरणाच्या आत जोरदार हालचाल नोंदवणारं यंत्र चालू होतं आणि त्याने शेजारच्या भूकंपाची पूर्ण नोंद घेतली. धरणाच्या लांबीच्या दिशेने जमिनीचं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या ०.६३ पट भरलं, आडव्या दिशेने ०.४९ पट. इतकी मोठी नोंद तोवर फार थोडी होती. १०३ मीटर उंचीच्या धरणाला जिथे उतार बदलतो त्या पातळीवर आडव्या भेगा पडल्या. धरण टिकलं आणि नंतर मागून टेकू देऊन मजबूत केलं. आजही स्वतःच्या वजनावर टिकणाऱ्या धरणाचं गणित बरोबर आहे का हे तपासायचं असेल, तर देशोदेशीचे संशोधक त्याला कोयनेच्या त्या काही सेकंदांतून काढतात.

पी लहर आधी येते आणि फारसं नुकसान करत नाही, मग तिच्यावरून इशारा का देऊ नये, हा प्रश्न साहजिक आहे. जपान, मेक्सिको तो देतात. उत्तराखंडात आयआयटी रुरकीने २०२१मध्ये त्यासाठी मोबाइल अॅप आणलं. भूकंप झाल्यावर सुटणारा हा इशारा आहे, भाकीत नाही, आणि त्याची मर्यादा साध्या भागाकाराने कळते. केंद्रबिंदूजवळच्या यंत्राला पी लहर कळून, आकडा ठरून, इशारा सुटायला पाच सेकंद लागले असं धरू. तेवढ्यात एस लहर सतरा-अठरा किलोमीटर गेलेली असते. कोयनेहून पुण्याला ती छत्तिसाव्या सेकंदाला पोचेल, म्हणजे पुण्याला अर्धा मिनिट मिळेल. लिफ्ट थांबवायला, गॅस बंद करायला, टेबलाखाली शिरायला पुरे. कराडला सातआठ सेकंद. कोयनानगर आणि शेजारच्या हेळवाकला काहीच नाही. ज्याला सर्वांत जास्त गरज, त्याच्यापर्यंत इशारा कधीच वेळेवर पोचणार नाही, आणि यंत्रं कितीही सुधारली तरी यात फार फरक पडायचा नाही.

शेवटी उरतं घर. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारला चार मिनिटं कमी. गणपती बोळवून लोक झोपले होते. किल्लारीचा भूकंप ६.२च्या आसपासचा, उथळ. सरकारी आकड्याप्रमाणे आठ हजारांच्या जवळपास माणसं गेली. २६ जानेवारी २००१चा भूजचा भूकंप ७.७चा, म्हणजे ऊर्जेने किल्लारीच्या दीडशेपटींहून मोठा. त्यात गुजरातेत चौदा हजारांच्या आत-बाहेर बळी गेले. ऊर्जा दीडशेपट आणि मृत्यू दुप्पटही नाहीत. भूकंपाच्या आकड्यावरून हानीचा अंदाज बांधता येत नाही, हे यापेक्षा स्पष्ट कुठे दिसणार? त्या वेळच्या भूकंपप्रवण विभागांच्या नकाशात किल्लारीचा, म्हणजे लातूर-उस्मानाबादचा भाग सर्वांत सुरक्षित, पहिल्या विभागात होता. २००२मध्ये तो पहिला विभागच नकाशातून काढून टाकला.

लहर कुठल्या जमिनीवर पोचते, हाही भाग आहे. मेक्सिको सिटीत १९८५ साली साडेतीनशे किलोमीटरवरच्या भूकंपाने इमारती पाडल्या, कारण शहराचा मध्य जुन्या सरोवराच्या गाळावर उभा आहे. त्या गाळाने दोन सेकंदांचा सावकाश हेलकावा वाढवून धरला आणि ज्या मधल्या उंचीच्या इमारती नेमक्या त्याच लयीत डुलतात त्या गेल्या. भूजच्या भूकंपात केंद्रबिंदूपासून सव्वादोनशे किलोमीटरवरच्या अहमदाबादेत बहुमजली इमारती बसल्या. त्यातल्या कित्येकांत खालचा मजला गाड्यांसाठी मोकळा, नुसत्या खांबांवर होता. पुण्या-मुंबईत असे खांब मोजायला फार लांब जावं लागत नाही.

किल्लारीत मात्र गाळही नव्हता आणि मजलेही नव्हते. तिथे होती माळवदं. दोन-तीन फूट जाडीच्या दगडी भिंती मातीत रचलेल्या. वर लाकडी तुळया, त्यावर फळ्या आणि फळ्यांवर मातीचे थर, गळती थांबावी म्हणून पावसाळ्याआधी नव्याने चढवत गेलेले. उन्हाळ्यात अशा घरात गारवा असतो, म्हणून ती बांधली गेली आणि ते बरोबरच होतं. पण भिंत जाड दिसली तरी ती एक भिंत नसते. बाहेरचा थर वेगळा, आतला वेगळा आणि मध्ये दगडगोट्यांची भर. आडवा हिसका बसला की दोन्ही थर एकमेकांपासून सुटतात, भिंत फुगते आणि ढासळते. सुटलेल्या दगडांवर टनावारी माती येते. कुडाच्या झोपड्या आणि पत्र्याची घरं त्याच गावांत पुष्कळ ठिकाणी उभी राहिली. ज्यांनी ऐपत असल्यामुळे भक्कम घर बांधलं होतं, ते त्याच्याखाली गेले.

यावरचे उपाय गवंड्याच्या हातातले आहेत. भिंत रचताना दर काही फुटांवर एक लांब दगड असा टाकायचा, की तो आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही थरांना पोचेल. कोपऱ्यांवर दोन भिंतींचे दगड एकमेकांत गुंतवायचे. आणि दार-खिडक्यांच्या डोक्यावरून, घराभोवती अखंड फिरणारा, सळ्या घातलेल्या काँक्रीटचा एक पट्टा ओतायचा. तो कुठेही तुटता कामा नये, दारावरही नाही. जुन्या घरावरची माती खरवडून कमी केली तरी छताचा भार निम्म्यावर येऊ शकतो. यातल्या कशालाही भूकंप कधी येणार हे माहीत असण्याची गरज नाही.